आमचा क्वार्टरबॅक फेक्या

फेक्या कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नसे. मैदानावर तर नाहीच. डाव सुरू होण्याआधी आम्ही अकरा जण एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून वाकायचो. मधोमध त्याचा घामेजलेला चेहरा. खालच्या आवाजात तो कुणी कुठं पळायचं ते सांगायचा, एकदाच. एखाद्यानं "काय म्हणला?" असं विचारलं, की "कान घरी ठिवून आल्ता का?" एवढं म्हणून नुसता बघायचा. त्या नजरेच्या धाकानं आम्ही ऐकायला शिकलो.

जालन्याच्या कॉलेजात आम्ही अमेरिकन फुटबॉल खेळायचो हे सांगितलं, की लोक आजही हसतात. आमचे क्रीडा सर कुठल्याशा शिबिराला गेले आणि हा खेळ घेऊन आले. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, अंगात जाड पॅड, डोक्याला हेल्मेट. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना. हे सगळं ज्याच्या हातातून सुरू होतं तो क्वार्टरबॅक. चेंडू कुणाला द्यायचा, किती लांब फेकायचा, हे त्यानं तीन-चार सेकंदांत ठरवायचं, आणि तेवढ्यात समोरची धिप्पाड पोरं त्याला आडवं करायला धावत येतात.

त्याचं खरं नाव सिद्धार्थ. केदारखेड्याचा. पहिल्याच दिवशी पायात स्लीपर घालून आला, चेंडू हातात फिरवून बघितला आणि मैदानापलीकडच्या कडुलिंबाकडं बोट दाखवून म्हणाला, "तिथपर्यंत जाईल."

"फेकतो लेका!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

त्यानं फेकला. चेंडू गिरकी घेत गेला आणि लिंबाच्या फांदीत अडकला. काढायला दोघांना झाडावर चढावं लागलं. तेव्हापासून तो फेक्या. इतकं मोजकं बोलणाऱ्या माणसाला बढाईखोराचं नाव पडलं, पण त्यानं कधी तक्रार केली नाही.

माझं काम त्याचा चेंडू झेलण्याचं. सुरुवातीला मी पळताना सारखी मान वळवायचो. एकदा त्यानं मला बाजूला घेतलं. "तू मांगं बघतो म्हंजी तुझा माझ्यावर भरोसा न्हाई. पळत राह्य. चेंडू येतोच." खरंच यायचा. मी ठरलेल्या जागी पोचून हात वर केले, की चेंडू हातात. वर्षभरात आमचं असं जमलं, की सर म्हणायचे, तुम्हा दोघांना शिट्टीसुद्धा लागत नाही.

त्याचे वडील लवकर गेलेले. आई अंगणवाडीत मदतनीस. ती रोज दोन डबे द्यायची, एक त्याचा आणि एक "त्या राजूरवाल्याचा", म्हणजे माझा. मी तिला तोवर पाहिलंही नव्हतं.

पहिली दोन वर्षं आम्ही सगळीकडं हरून आलो. तिसऱ्या वर्षी, दुसऱ्या राज्यात भरलेल्या विद्यापीठांच्या स्पर्धेत, आम्ही उपांत्य सामन्यापर्यंत पोचलो. तो जिंकला की पदक नक्की. पदक असलं की नोकरीला खेळाडू म्हणून अर्ज करता येईल, असं सरांनी सांगितलं होतं. आम्ही अठरा पोरं गेलो होतो. आदल्या दिवशी अठराही जणांनी आपापल्या घरी फोन करून ते सांगून टाकलं.

शेवटची काही मिनिटं उरली होती. आम्ही चार गुणांनी मागे, पण चेंडू आमच्याकडं. फेक्यानं फेकायला हात मागं घेतला आणि दोन बाजूंनी दोघे त्याच्यावर आदळले. त्याचं हेल्मेट एक माप मोठं होतं, आत रुमाल कोंबलेला. डोकं जमिनीवर आपटल्याचा आवाज मला वीस पावलांवर ऐकू आला.

तो उठला. सरांकडं बघून अंगठा दाखवला. आम्ही वाकलो.

"उजवीकून. तू खोल पळ," तो मला म्हणाला.

आम्ही सरळ होणार तोच पुन्हा म्हणाला, "उजवीकून. तू खोल पळ."

पोरांना वाटलं, मोक्याचा डाव आहे म्हणून बजावतोय. मग तिसऱ्यांदा तेच शब्द, त्याच आवाजात. त्याचे डोळे माझ्यावर होते, पण मला बघत नव्हते.

"फेक्या, आपण कुठं आलोत?"

"केदारखेडा आलं का?"

मग माझा चेहरा बघून त्याला काहीतरी उमगलं असावं. त्यानं माझी जर्सी मुठीत धरली. "सरांना सांगू नको. तुला माझ्या मायची शप्पथ हाये."

पंचांनी शिट्टी वाजवली. बाकीचे माझ्याकडं बघत होते. एक जण दबक्या आवाजात म्हणाला, "दोन मिन्टं राह्यलेत. खेळू दे त्याला." मी फेक्याची मूठ सोडवली आणि कडेला धावलो.

"सर, त्याला काढा."

"काय झालं?"

"त्यानं तीनदा सांगितलं."

सरांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. हात वर करून खेळ थांबवला.

त्याच्या जागी आलेल्या पोरानं शेवटचा चेंडू माझ्याकडंच फेकला. बरा फेकला होता. माझं लक्ष बाकावर बसलेल्या फेक्याकडं होतं. चेंडू बोटांना लागून गेला. आम्ही हरलो.

दवाखान्याच्या वाटेवर त्याला गाडीत दोनदा उलटी झाली. डोक्यात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन टळलं, पण डॉक्टरांनी सांगितलं, हा खेळ आता बंद. मी भेटायला गेलो तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "शप्पथ घातली व्हती तुला." त्यानंतर वर्षभर बोलला नाही. तो जालन्यात बियाण्यांच्या गोदामात कामाला लागल्याचं दुसऱ्यांकडून कळलं. संघातली निम्मी पोरंही मला टाळायची. पदक माझ्यामुळं गेलं, असं एकानं तोंडावर सांगितलं.

पुढच्या वर्षी एका चतुर्थीला मी राजूरला गणपतीच्या देवळापाशी आमच्या नारळाच्या दुकानावर होतो. गर्दीतून एक बाई पुढं आल्या. मागं फेक्या, मान खाली.

"तूच का राजूरवाला?" त्या म्हणाल्या. "मी सिद्धार्थची आई. आज इकडं गाड्या जास्त असत्यात, म्हणून याला धरून आणलं. बोल रे."

त्यानं फळीवर रचलेल्यातला एक नारळ उचलून हातात फिरवला.

"माझा राग गेला न्हाई अजून," तो म्हणाला. "जाईल का, ते बी ठाव न्हाई. पण त्या दिवशी सगळे घड्याळाकडं बघून राह्यले व्हते. तू माझ्याकडं बघत व्हता."

त्याच्या आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग दोघं स्टँडकडं गेले. मी त्यांना बसायलाही म्हणालो नाही.

"कोण व्हता रे?" बाबांनी विचारलं.

"आमचा क्वार्टरबॅक."

"म्हंजी?"

गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तरी मी त्यांच्या शेजारी बसलो आणि वर्षभर घरात कुणाला न सांगितलेली ती दोन मिनिटं त्यांना पहिल्यापासून सांगायला लागलो.