पुसलेला भूगोल

शकुनबाई या अमरावतीतल्या निवृत्त शिक्षिका. अंध मुलांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचायच्या आणि लॅपटॉपवर रेकॉर्ड करून द्यायच्या. बडनेऱ्याचा विपुल स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. पेन ड्राइव्ह घेऊन तो पहिल्यांदा बाईंकडे गेला, तेव्हा बाई चांगल्याच वैतागल्या होत्या.

"अरे, मी आपली वाचत राहते न् हा लॅपटॉप मधेच झोपी जातो. काल अर्धा धडा भिंतीलाच ऐकवला मी!"

विपुल हसला. "बाई, वाचता वाचता तुमी कीबोर्डले हातच लावत नाई. त्याले वाटते, इथं कोनी नाईच."

लॅपटॉपमधला बोलणारा प्रोग्राम चालू करून, कानानं ऐकत ऐकत त्यानं पॉवरची सेटिंग गाठली. चार्जर लावलेला असला की लॅपटॉपनं झोपायचं नाही, फक्त पडदा बंद करायचा, असं करून दिलं. "पडद्याचं काय, मले तसाबी तो कामाचा नाई," तो म्हणाला, तशा बाईही मोकळ्या हसल्या.

झोपेचं निभलं, पण जागेचं राहिलं. त्या जुन्या लॅपटॉपात बाईंच्या भावानं हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवून दिली होती. वेग भरपूर, जागा बेताची. "गच्च भरू नका बाई, थोडी मोकळी ठेवा, नाईतर ते मंद होते," असं विपुल सांगून गेला.

बाईंनी साफसफाई मनावर घेतली. जुन्या फायली पुसल्या, रिसायकल बिनही रिकामा केला. दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं, की नुकताच वाचून संपवलेला अख्खा भूगोल त्यातच गेला.

विपुल लॅपटॉप घेऊन अकोल्याला गेला. तिथला दुरुस्तीवाला बराच वेळ खटपट करून म्हणाला, "जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेलं पुष्कळदा सापडते भाऊ. एसएसडी आतून जागा साफच करून टाकते. आता नाई निघत."

परतताना बसमध्ये विपुलला एकच घोर, बाईंना सांगायचं कसं? त्यांचा घसा बसेपर्यंतचं वाचन होतं ते.

त्यानं सांगितलं, तसा बाईंनी त्याच्या हातून लॅपटॉप घेतला. मग म्हणाल्या, "पुस्तक तर आहे ना माझ्याकडे?"

"हाये, पन बाई, पुरं पुन्हा वाचान?"

"चहा घे अन् नीघ. मला बसायचंय."

पुन्हा वाचलेला भूगोल हाती आला, तेव्हा ऐकता ऐकता विपुल थबकला. नकाशाचं पान आलं होतं, आणि बाई सांगत होत्या, "उजवा हात टेबलावर पालथा ठेव, बोटं डावीकडे. करंगळीपलीकडे सातपुडा, अंगठ्याकडे अजिंठ्याचे डोंगर. मनगटाकडून बोटांकडे वाहते ती पूर्णा." विपुलनं हात तसा ठेवला. लहानपणापासून पूर्णेचं नाव ऐकलेलं, पण ती कुठून कुठे जाते ते त्याला त्या दिवशी उमगलं. नकाशे असे हातावर उतरवायचं बाईंना पहिल्या वेळी सुचलं नव्हतं.

आता बाई प्रत्येक धडा लहान फाईल करून बाहेरच्या दोन डिस्कवर उतरवतात, दोन्हीकडून ऐकून बघतात, मगच लॅपटॉपवरचा पुसतात. परवा अकोल्याहून एका मुलीचा फोन आला, तिला अर्थशास्त्र हवं होतं. बाईंनी आधी जागा किती उरलीय ते बघितलं आणि म्हणाल्या, "आकडे फार असतात गं त्यात. सावकाश वाचते, चालेल ना?"