कोब्यावर काढलेल्या विटा

माझा धंदा विटांचा. पूर्व विदर्भातून पुण्यात आलो तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत विटा चढवत होतो. आज माझी स्वतःची वखार आहे. दोन विटा एकमेकींवर आपटून बघायच्या. खणकन वाजल्या तर माल उतरवून घ्यायचा, भद्द आवाज आला तर गाडी परत. हे मला कोणी शाळेत शिकवलेलं नाही. अशा माणसाच्या मुलीच्या सासरी सिमेंटच्या कोब्यावर रंगाने काढलेल्या विटांचं अंगण आहे, आणि दर भेटीला मला ते तुडवत आत जावं लागतं.

व्याही मूळचे नारायण पेठेतले, निवृत्त शिक्षक. तिथली जागा सोडून त्यांनी कोथरूडला तळमजल्याचा फ्लॅट घेतला. त्याच्या मागे छोटं अंगण. जावई हिंजवडीच्या कंपनीत. उजाडता जातो, अंधारात येतो. अंगणाबद्दल त्याला काही मत नाही. मला तर वाटतं, कशाबद्दलच नाही.

लग्नात व्याह्यांनी नातेवाइकांशी माझी ओळख करून दिली ती अशी: "हे आमचे व्याही. विटा विकतात." खरंच होतं ते. पण एखाद्याला दमा आहे असं हळूच सांगावं, त्या आवाजात सांगितलं.

पुढे मुलीला दिवस गेले. डोहाळजेवण मागच्या अंगणात करायचं ठरलं. अंगणाचा कोबा काळा पडलेला, जागोजागी तडकलेला. मी मनाशी पक्कं केलं की हे अंगण माझ्या विटांचं होणार आणि माझं नातवंड पहिलं पाऊल माझ्या विटेवर टाकणार. त्या घरात माझं म्हणून एवढं एक असलं की बास. वखारीतून एकेक वीट वाजवून निवडली, वेगळी थप्पी लावली, वर ताडपत्री घातली आणि व्याह्यांकडे गेलो.

फुकट म्हटल्यावर त्यांनी हात वर केला. मुलीकडच्यांकडून काही घ्यायचं नाही, असा त्यांच्या घरचा नियम होता. मी भाव सांगावा, ते पैसे देतील. ठीक आहे. त्यांचा नियम राहावा आणि माझ्या विटाही जाव्यात, म्हणून मी खरेदीपेक्षाही कमी भाव सांगितला. धंद्यात इतका खाली मी कधी आलो नव्हतो.

व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "जरा जास्त वाटतोय. काही कमी होत असेल तर बघा."

या गृहस्थाला विटेचा भाव ठाऊक नव्हता. मी निम्मा सांगितला असता किंवा चौपट, तरी हेच वाक्य आलं असतं. भाजीवालीला म्हणायचं तेच मला. घासाघीस मलाही कळते; भट्टीवाल्यांना मी तुकडा विटांवरून तास तास उन्हात उभं केलंय. पण आधी माल ओळखावा, मग भाव पाडावा. माल न बघता भाव पाडणारा माणूस माझ्या लेखी गिऱ्हाईकच नव्हे.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "एक पैसा कमी होणार नाही. परवडत नसेल तर जमिनीवर विटांचं चित्र काढून घ्या."

त्यांनी शांतपणे चष्मा चढवला. "तेही बघतो," म्हणाले.

आणि बघितलं. डोहाळजेवणाला गेलो तर अख्खा कोबा गेरूसारख्या तांबड्या रंगाचा. पेंटरने चिकटपट्ट्या लावून वर रंग मारलेला आणि पट्ट्या सोलून काढलेल्या. खाली जो काळा कोबा उघडा पडला तेच विटांमधले सांधे. सगळ्या विटा एका रंगाच्या. खऱ्या भट्टीतून अशा दोन निघत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे उभे सांधे या टोकापासून त्या टोकापर्यंत एका सरळ रेषेत. कोणताही गवंडी, अगदी कालचा आलेला, खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरच्या विटेचा मध्य ठेवतो. इथे गणिताची चौकटीची वही पसरली होती. तिच्यावर उभं राहून बायका फोटो काढत होत्या आणि एकमेकींना सांगत होत्या की अगदी खऱ्या विटा वाटतात.

कोणीतरी विचारलं, कल्पना कोणाची. व्याह्यांनी माझ्याकडे हात केला. "आमच्या व्याह्यांची. आम्ही आपली फक्त अमलात आणली."

लोक कौतुकाने माझ्याकडे वळले. जिभेवर जे आलं होतं ते मी आजवर भट्टीवाल्यालासुद्धा बोललो नव्हतो. पण समोर झोपाळ्यावर हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून माझी मुलगी बसली होती आणि माझ्याकडेच बघत होती. मी तोंडात जिलबी कोंबली.

पंगत उठल्यावर तिने मला नळापाशी नेलं. तिथल्या कोपऱ्यात दोन ओळी वेगळ्या होत्या. सांधे बरोबर अर्ध्यावर मोडलेले, गवंड्याने मोडावेत तसे. तिने पेंटरला सांगून करून घेतल्या होत्या. "बाबा, एवढंच जमलं. बाकीचं आधीच आखून झालं होतं."

वखारीत विटांच्या थप्प्यांवर खेळून मोठी झालेली माझी मुलगी, आणि दोन ओळींवर गप्प बसली. मी तिला तसं बोलून दाखवलं.

ती म्हणाली, "तुम्ही थोडा भाव कमी केला असतात, तर सगळं अंगण मिळालं असतं."

दोन वर्षांत पुरती त्यांच्यातली झाली होती. मी गाडीला किल्ली लावली आणि घरी आलो. त्या निवडलेल्या विटा आजही ताडपत्रीखाली आहेत. गिऱ्हाईक मागतं, मी देत नाही.

रंगाचं जे व्हायचं तेच झालं. पहिल्या पावसातच पोपडे सुटले. दिवाळीआधी व्याह्यांनी पुन्हा रंग मारून घेतला, तोही स्वस्तातला, हात फिरवला तर हाताला लागणारा. नातू रांगायला लागला तेव्हा त्याचे गुडघे आणि तळवे तांबडे व्हायचे. मुलगी खोबरेल लावून पुसायची. व्याही म्हणायचे, धुतलं की जातं.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. मागचं दार वाऱ्याने आपटतंय, तर येताना एक वीट आणाल का, एकच. मी ताडपत्री उचलली आणि वरची वीट घेऊन गेलो.

"काय द्यायचे?" त्यांनी विचारलं.

मी वखारीतल्या भावाच्या दुपटीहून जास्त सांगितले. त्यांनी पाकीट काढून मुकाट्याने दिले. करायची तिथे घासाघीस करत नाहीत, नको तिथे करतात. आणि हा माणूस तीस वर्षं मुलांना शहाणं करत होता. मी पैसे घेतले. नियम त्यांचा होता.

वीट दाराशी ठेवली. नातू तांबड्या चौकटी ओलांडत रांगत आला. हातात चमचा होता. विटेपाशी थांबला आणि चमचा हाणला. खणकन वाजली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हाणला.

आतून व्याह्यांचा आवाज आला. "अहो, त्याला जरा थांबवता का? मी पेपर वाचतोय."

मी स्वयंपाकघरात गेलो, मोठा डाव शोधून आणला आणि त्याच्या हातात दिला.