अक्कांची किळस

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला की अक्का आधी तोंड फिरवायच्या. डोळे मिटून भिंतीकडे उभ्या राहायच्या, जणू आतून काही अंगावर उडी मारणार आहे. मग एक डोळा उघडून हळूच बघायच्या आणि ओरडायच्या, "शी! हाई काय शे? बठ्ठा उकिरडा शे!"

मशीन घेऊन आलेला माणूस ओशाळून म्हणायचा, "अक्का, रोज पुसतो हो."

"वरून पुसता. आत कोण राहतं ते बघितलं का?"

तुम्ही कधी आपल्या कॉम्प्युटरचा पत्रा काढून बघितला असेल, तर अक्कांचं काही चुकत नव्हतं हे तुम्हालाही पटेल. जळगावात आमच्या कॉम्प्लेक्समध्ये माझं लग्नपत्रिका आणि बॅनर डिझाइनचं दुकान, आणि शेजारच्या गाळ्यात अक्कांचं कॉम्प्युटर जोडून देण्याचं. त्यामुळे जिल्हाभरातल्या मशीनच्या पोटातली घाण मी फुकटात बघितली आहे. जिनिंगमधून आलेल्या मशीनच्या पंख्यावर कापसाची गादी बसलेली असायची. सावद्याच्या केळीच्या वखारीतून आलेल्या मशीनमधून चिलटं उडायची. भुसावळकडून येणाऱ्यांत वीजकेंद्राची राख असायची, पिठासारखी मऊ, बोटाला चिकटणारी. एकदा एका वकिलांच्या मशीनमध्ये उंदरीण व्यालेली निघाली. गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं रॅमच्या खाली वळवळत होती. अक्का गॅलरीत जाऊन ओकल्या, परत आल्या आणि पिल्लं पुठ्ठ्यावर उचलून बाहेर ठेवली.

अक्का मूळच्या शिंदखेड्याजवळच्या. धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, तिथेच एका खासगी क्लासमध्ये शिकवलं, आणि मुलं बेंचखाली च्युइंग गम चिकटवतात म्हणून नोकरी सोडली. हे त्या स्वतःच सांगायच्या. लग्न केलं नाही, त्याचंही कारण असंच काहीतरी असणार असा आमचा सगळ्यांचा अंदाज होता. धाकट्या भावाबरोबर जळगावात दुकान टाकलं. भावाला सगळे बापू म्हणायचे. माल आणणं, गिऱ्हाइकांशी बोलणं बापूकडे. पडद्यामागच्या खोलीत बसून मशीन जोडणं अक्कांकडे. एरवी त्या आपल्यासारखंच बोलायच्या, पण किळस आली की अहिराणीवर यायच्या.

माझं मशीन नवीन करायचं ठरलं तेव्हा मी फोनवर फोटो बघून गेलो होतो. मला काचेचं कॅबिनेट हवं होतं, आत रंगीत दिवे.

"दिवाळी आहे का?" अक्का म्हणाल्या. "दिवसभर काय करता तुम्ही?"

"मोठमोठे फोटो उघडतो."

"मग रॅम वाढवा. डिस्क फिरणारी नको, चिपवाली घ्या. आणि पॉवर सप्लाय चांगला घ्या. सगळे तोंडाला पावडर लावतात आणि पोटात शिळं घालतात. शी!"

दिवे राहून गेले. मशीन जोडताना मी बाजूला उभा होतो. प्रोसेसर मदरबोर्डवर ठेवताना अक्का श्वास रोखायच्या. दाबायच्या नाहीत, नुसता ठेवायच्या, तो आपोआप खोबणीत बसायचा आणि मगच कडी खाली यायची. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी थर्मल पेस्ट त्यांनी मला लावायला दिली. मी उत्साहात नळी पिळली.

"अरे, पोयीले तूप लाई राह्यना का?" पोळीवरच्या तुपासारखी पसरलेली ती पेस्ट त्यांनी सगळी पुसून काढली आणि हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका दिला. मशीन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा त्या कॅबिनेटच्या बाजूला तळहात टेकवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावतात तसा.

पुढे एका दुपारी भुसावळहून एक रेल्वेतले गृहस्थ आणि त्यांची मुलगी मशीन घेऊन आले. मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. मशीन याच दुकानातून घेतलेलं, अजून जुनंही झालं नव्हतं. आदल्या दिवशी त्यातून ठिणगी उडाली आणि धूर निघाला. मुलीने वायर ओढून काढली तेव्हा बोटं भाजली होती, त्यांवर मलम होतं. वर्षभराचे सगळे नकाशे त्यातच होते.

मी तेव्हा आत चहा घेऊन गेलो होतो. अक्कांनी पत्रा काढला. आत धूळ नव्हती, फक्त जळका वास. त्यांनी पॉवर सप्लाय बाहेर काढून त्याचंही झाकण उघडलं, आणि आम्ही सगळेच मागे सरलो. बाहेरून नवाकोरा दिसणाऱ्या त्या डब्यात काळपट, तेलकट मळाचा थर होता. कोपऱ्यात झुरळांच्या अंड्यांची वाळलेली टरफलं होती. एक भाग फुगून फुटला होता. अक्कांनी नखाने वरचं चकचकीत स्टिकर सोललं. त्याच्या खाली दुसरं स्टिकर होतं, कुठल्यातरी जुन्या सरकारी मशीनचं, अर्धवट खरवडलेलं.

"तुम्हीच बसवलं होतं ना, अक्का?" मुलीने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती.

"हो. मीच बसवलं. बंद खोक्यातून काढून."

खोकं बापूने दिलं होतं.

बापू बाहेर काउंटरवर होता. अक्का तो डबा तसाच उचलून त्याच्यासमोर घेऊन गेल्या. त्याने एकदा डब्याकडे बघितलं, एकदा गिऱ्हाइकांकडे, आणि हसून हळू आवाजात म्हणाला, "भाहेरतून कोनले दिसस, अक्का?"

"माले दिसस."

"बदलून देऊ ना त्यांना. एवढं काय? धंद्यात सगळेच करतात."

"किती जणांना दिलं असं?"

त्याने खिशातून पुडी काढून फाडली आणि तोंडात टाकली. अक्का त्याच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत राहिल्या. "तुना हातनं पाणीबी नको माले," त्या म्हणाल्या आणि डबा काउंटरवर ठेवला.

दुकान बापूच्या नावावर होतं. दुसऱ्या दिवशी अक्का आल्या तेव्हा कुलूप बदललेलं होतं. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं मागचं टेबल रिकामं असतं ना?" मी आधी ते टेबल पुसून घेतलं. भीतीच वाटायची त्यांची.

त्या टेबलावर बसून अक्का लोकांना फोन करू लागल्या. ज्यांची ज्यांची मशीनं आठवत होती त्यांना. "मी अक्का बोलतेय. तुमच्या मशीनमध्ये घाण असू शकते. बंद करा आणि घेऊन या." काहींनी आभार मानले, काहींनी शिव्या दिल्या, त्याही मला ऐकू आल्या. मशीनं येत गेली. काही चांगली निघाली. काहींच्या पोटातून तसलेच डबे निघाले आणि प्रत्येक वेळी अक्कांचा चेहरा नव्याने पिळवटायचा. शेजारच्या गाळ्यात बापू मोठ्याने रेडिओ लावून बसायचा.

मुलीच्या डिस्कचा बोर्ड जळला होता, म्हणून त्यांनी तसल्याच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड शोधून आणला आणि सगळी हत्यारं परजून बसल्या. अर्धे नकाशे मिळाले, अर्धे गेले. मुलगी म्हणाली, "चालेल अक्का, उरलेले पुन्हा काढते." अक्कांना ते "चालेल" सहन झालं नाही. त्या बेसिनपाशी गेल्या आणि बराच वेळ नुसतेच हात धूत राहिल्या.

राखीच्या आधी त्यांची आई शिंदखेड्याहून आली. माझ्याच दुकानात, बॅनरच्या गुंडाळ्यांशेजारी बसली. म्हातारीने अक्कांचा पदर धरला होता.

"भाऊ शे तुना. राखी त बांध."

"माले त्याना हातले हात लावाले किळस येस, माय."

"मी नसेन तेव्हा तुले कोन शे?"

अक्कांचं तोंड वाकडं झालं, रडण्याने की किळसेने ते मला कळलं नाही. त्यांनी आईला बसस्टँडवर नेऊन सोडलं, उसाचा रस पाजला, खिडकीची जागा मिळवून दिली. राखी मात्र बांधली नाही. त्यांचं बरोबर होतं की नाही, याचा विचार मी अजूनही करतो. तुम्हीच ठरवा. म्हातारी बसमध्ये चढताना मागे वळून बघत होती, एवढं मात्र खरं.

शेवटचं मशीन तपासून झालं आणि अक्का धुळ्याला गेल्या, एका कॉलेजच्या लॅबमध्ये कामाला. जाताना माझा निरोप घेतला, बापूच्या दारावरून मान न वळवता गेल्या. त्यानंतर आमचे फोन होतात, सणाला.

बापूचं दुकान जोरात आहे. बाहेर रंगीत दिव्यांची पाटी आहे, काचेची कॅबिनेटं मांडलेली असतात. परवा मी गॅलरीतून जात होतो, तेव्हा सावद्याकडचे एक मास्तर आणि त्यांची बायको काउंटरशी उभे होते. मास्तर विचारत होते, "अक्का आहेत ना? त्यांच्याच हातचं मशीन हवंय. आमच्या साडूंनी सांगितलंय."

"हो तर," बापू म्हणाला, "आत बसलीये. जोडतेय. कामात बोललेलं तिला आवडत नाही." आणि त्याने पडद्याकडे बघून आवाजही दिला, "अक्का, सावद्याचे पाहुणे आलेत बरं का!"

 मी आत शिरलो आणि पडदा बाजूला सारला.

बादलीत साबणाच्या पाण्यात जुन्या मशीनमधून काढलेली कार्डं भिजत पडली होती. पाण्यावर काळा फेस होता. धुतलेली कार्डं दोरीवर चिमट्यांनी वाळत घातली होती आणि त्यांतून थेंब थेंब गळत होतं. मास्तर माझ्या मागून डोकावले, त्यांच्या बायकोने नाकाला पदर लावला. अक्कांच्या स्टुलावर नव्या स्टिकरांचा गठ्ठा ठेवलेला होता.