गोल्फच्या काठीला लावलेलं काजळ

संशय घ्यायला अक्कल लागत नाही, हे मी साठाव्या वर्षी सिद्ध केलं. आज सत्तरीत ती साठीची पोरगी आठवली की तिचा कान धरावासा वाटतो.

निवृत्तीनंतर आम्हा नवरा-बायकोला गोल्फचं वेड लागलं होतं. यांच्या जुन्या खात्याच्या वसाहतीत नऊ खड्ड्यांचं मैदान आहे. हिरवळ नावाला, बाकी मुरूम. रविवारी सकाळी वर्ध्याच्या नालवाडीहून आमची गाडी निघायची. सोबत शेजारीण. ती सावंगीच्या दवाखान्यातली निवृत्त मेट्रन, माझी तीस वर्षांची मैत्रीण. यांचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस डबा तिनेच पोचवला होता.

काठ्यांची पिशवी घरात एकच. वाचायचा चष्मासुद्धा दोघांत एक वापरणारी माणसं आम्ही. दोन-दोन ड्रायव्हर घ्या असं कुणी म्हटलं असतं तर त्यालाच तपासून आणलं असतं. ड्रायव्हर म्हणजे पहिल्या लांब फटक्याची, मोठ्या डोक्याची काठी. मुलाने पाठवलेल्या या ड्रायव्हरच्या मानेत एक स्क्रू होता. छोट्या चावीने तो सैल करून मान फिरवली की काठीचं तोंड किंचित उघडतं किंवा मिटतं. माझा चेंडू डावीकडे गर्रकन वळायचा, त्याला हूक म्हणतात. यांचा नाकासमोर न जाता सरळ उजवीकडे, थेट तुरीच्या शेतात, तो ब्लॉक. हे चेंडू शोधत परतले की मी चारचौघांत विचारायची, "किती क्विंटल झाली हो तूर?"

एका शनिवारी दुपारी मी गुपचूप काठीचं तोंड जरा उघडं करून ठेवलं. हूकवर तोच इलाज असतो. पण रविवारी चेंडू नेहमीपेक्षाही डावीकडे पळाला. पाहते तर मान उलट्या बाजूला फिरलेली. पुढच्या शनिवारी पुन्हा उघडली, रविवारी पुन्हा मिटलेली. घरात भूत नव्हतं. म्हणजे माणूस होतं. महिन्याभरावर महिलांच्या कपाची स्पर्धा होती आणि तिथे मला टक्कर देणारी एकटी शेजारीण, आमच्या घरात केव्हाही ये-जा असलेली.

झालं. एकदा चोर ठरवला की पुरावे आपणहून चालत येतात. ती विचारायची, "आज कसा लागून राह्यला चेंडू?" मला त्यात विष दिसायचं. तिने वांग्याचं भरीत आणून दिलं, ती मला लाच वाटली. भरीत मी खाल्लं. संशय आपल्या जागी, वांगं आपल्या जागी.

तिसऱ्या शनिवारी मी तोंड उघडं करून स्क्रूभोवती काजळाचा जाड थर दिला आणि संध्याकाळी दर शनिवारसारखी विहारात महिला मंडळाला गेले. रविवारी गाडीत शेजारणीच्या अंगठ्याकडे पाहिलं. नखाच्या कडेला काळी रेघ.

"आंगठ्याले काय लागलं वं?"

"काई नाई. काऊन?"

"काजळ आहे ते. माझं. ड्रायव्हरच्या मानेवरचं."

हे एकाएकी फारच लक्ष देऊन गाडी चालवू लागले.

"तीस वर्षं तुले घरात घेतलं," मी म्हणाले, "अन् तू माझी काठी बिघडवून राह्यली. एका कपासाठी."

तिने एकदा यांच्या पाठीकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "भाऊजी, गाडी थांबवा." उतरली आणि वर्ध्याकडे जाणारी बस पकडून निघून गेली.

दोन किलोमीटर गेल्यावर यांचं तोंड उघडलं. "शनिवारी मीच काठी तिच्याकडे नेत होतो. तोंड मिटवलं की ब्लॉक कमी होते म्हणतात. पण त्या मानेवरचे बारीक अक्षरं मले दिसत नाई अन् चष्मा तुह्यासंगं विहारात. तिनं वाचून फिरवून दिलं."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तू हासते."

म्हणजे दुपारी मी उघडायची, संध्याकाळी हे मिटवायचे, आणि दोघांत धरली गेली ती शेजारीण.

शहाण्या बाईने तिथूनच गाडी वळवायला लावली असती. मी चार दिवस घेतले. तिच्या घरी गेले तेव्हा ती ओट्यावर शेंगा सोलत होती. बस म्हणाली नाही.

"चुकली मी," मी म्हणाले.

"काय चुकलं, थे सांग."

"तुह्यावर संशय घेतला."

"संशय तू दुधवाल्यावरही घेते. त्याचं काई नाई." तिने एक शेंग मोडली. "तीस वर्षं घरात घेतलं म्हणाली तू. मी काय तुह्या दारी मागायले येत होती?"

मी खाली बसले आणि शेंगा सोलू लागले. तिने सूप माझ्याकडे सरकवलं नाही, पण ओढूनही घेतलं नाही. निघताना एवढंच म्हणाली, "रविवारी मी बसनं येईन."

दोन महिने ती बसनेच आली. कपही तिनेच नेला. यांना वेगळा ड्रायव्हर घेतला, तरी माझा हूक काही गेला नाही. तो काठीत नव्हताच.

मग एका रविवारी ती सकाळी आमच्या फाटकाशी उभी दिसली. का आलीस, असं मी विचारलं नाही. यांनीच माझ्या माघारी जाऊन तिला मनवलं असणार, असा मला दाट संशय आहे. दहा वर्षं झाली, तो मी तोंडाबाहेर काढलेला नाही.