दसऱ्याच्या अक्षता आणि तापलेला कॉम्प्युटर

माझ्या नातींना वाटतं, माणूस वयानं शहाणं होत जातं. त्यांनी मला पंचेचाळिशीत बघायला हवं होतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही बारामतीजवळ कळस गावात राहायचो. मेंढरं सासऱ्यांनी, तात्यांनीच, विकली होती, रानात ऊस होता, आणि आमची लेक बारामतीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरी आली होती. तिथल्या एका क्लासच्या सरांनी तिला सांगितलं होतं, "एक मशीन स्वतः जोडून आण. माझ्यासमोर दुपारभर चालव. चाललं तर मंगळवारपासून शिकवायला ये. नाहीतर दुसऱ्या कुणाला घेतो." पोरीला ती नोकरी अशी हवी होती की तिचं जेवणात लक्ष लागत नव्हतं.

सगळं सामान तिनं पुण्याहून आणलं आणि दसऱ्याच्या दिवशी माजघरात चादर पसरून जोडायला बसली. मी तोवर विळा, खुरपं, कात्री, शिलाई मशीन, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर, सगळ्यांची पूजा उरकली होती. ताट हातात तसंच होतं. एवढी नवी वस्तू घरात आलेली आणि तिला साधं कुंकू नाही, हे काही मला पटेना.

"आई, कशाला हात लावू नगं," लेक म्हणाली. तिनं नुकतंच प्रोसेसरवर पांढरं मलम लावलं होतं. त्याच्यावर बसवायचा, त्याची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा पत्र्यापत्र्यांचा ठोकळा बाजूला काढून ठेवला होता. तेवढ्यात पुरणपोळ्या खायला यांची हाक आली आणि ती जेवायला उठली.

हात मी लावलाच नाही. शब्दाची पक्की. कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला कुंकवाचं एकच बोट लावलं आणि उघड्या सामानावर वरूनच अक्षता टाकल्या. त्या कुंकवात लाल करायच्या असतात, पण घाईत मी तसेच पांढरे तांदूळ घेतले होते. मग पोरगी चिडेल म्हणून दिसले तेवढे दाणे अलगद वेचलेसुद्धा. केवढी हुशार होते मी.

संध्याकाळी मशीन सुरू झालं. पडदा उजळला, आम्ही तिघं खूश. चहा गाळेपर्यंत ते गपकन बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. लेकीनं निळ्या पडद्यावर तापमानाचा आकडा काढून दाखवला. आमच्या डोळ्यांदेखत तो चढत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात इलाज सुरू झाले. तिनं डब्याची एक बाजू उघडली, पंखा फिरतोय का पाहिलं. फिरत होता. मी फ्रीज बंद करायला लावला, म्हटलं व्होल्टेज कमी पडत असेल. मग टेबलफॅन आणून समोर ठेवला. मशीन जरा जास्त टिकलं, पण पडलंच. शेवटी मी मीठ-मोहरीनं त्याची दृष्ट काढली.

हे दारात बसून सगळं बघत होते. म्हणाले, "आमच्या तात्यांना मेंढराचा ताप कानाला हात लावला की कळायचा. ह्याचा कान कुठाय, बघ की."

"आबा, थट्टा नगा करू," लेक म्हणाली. पण म्हणता म्हणता तिनं मशीन बंद करून वायर काढली आणि त्या पत्र्याच्या ठोकळ्याला बोट लावलं. मग सगळी बोटं लावली.

"आबा, कान गार हाय."

"मग ताप न्हाय?"

"ताप हाय. आत हाय. वर येतच न्हाय. हा ठोकळा नीट टेकलेलाच न्हाय."

तिनं ठोकळा दाबून धरणारी पट्टी सोडवली आणि तो उचलला. पांढऱ्या मलमात, पांढराच, तांदळाचा एक तुकडा रुतून बसला होता. तिनं तो सुईच्या टोकावर घेतला आणि उजेडात धरला.

यांनी वाकून पाहिलं. "अक्षता? लगीन कुणाचं हुतं?"

लेक माझ्याकडे बघायला लागली. आणि मी, घरातली शहाणी बाई, काय बोलावं? "पुण्याच्या दुकानदारानंच घातला असंल. त्यांचं काय सांगावं."

हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. लेक हसली नाही. तिनं जुनं मलम स्वच्छ फडक्यानं पुसलं, नळीतलं उरलेलं नवं लावलं आणि ठोकळा दाबून बसवला. तेवढ्या वेळात मला मात्र उंबऱ्याच्या पलीकडं बसवलं होतं, हातात लसूण सोलायला देऊन. मशीन लावलं. चहा झाला, भाकरी झाल्या, भांडी झाली. आकडा थोडा चढून थांबला तो थांबलाच. मग कुठं ती हसली, आणि एकटीनं तीन भाकरी खाल्ल्या.

सोमवारी आम्ही दोघी जीपनं बारामतीला गेलो. धक्के बसू नयेत म्हणून डबा घोंगडीत गुंडाळून मी मांडीवर घेतला होता. सरांनी मशीन दुपारभर चालवलं. शेवटी आतलं काम बघायला डबा उघडला आणि बाजूच्या पत्र्यावर बोट ठेवलं. माझ्या कुंकवाचं बोट तिथं अजून होतं.

"हे काय आहे?"

लेकीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आईनं पूजा केलीय, सर. त्याशिवाय आमच्यात मशीन सुरू करत न्हाईत."

सर म्हणाले, "बरं. उद्या वेळेवर या."

परतीच्या जीपमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. पुढं तिनं स्वतःचा क्लास काढला. दर दसऱ्याला मला मानानं नेते, ताट हातात देते. ताटात हळद असते, कुंकू असतं, झेंडूची फुलं असतात. तांदळाची वाटी तेवढी नसते, आणि मीही विचारत नाही.