बांधावरची हराळी

वडिलांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आधीच चुलत्याने आमचं रान स्वतःच्या नावावर मागितलं. आई नाही म्हणाली. त्या पावसाळ्यात त्याने दोघांच्या सामाईक बांधावर हराळी लावली. गवताने माती अडते म्हणून गावाने त्याचं कौतुकही केलं. आमचं रान उताराला होतं, हे कौतुक करणाऱ्यांना दिसलं नाही.

वर्षभरात हराळी आमच्या कांद्यात शिरली. आई खुरपायची आणि ती दुप्पट यायची. जमिनीखाली तिच्या काशा पसरतात, दोरीसारख्या लांब मुळ्या, आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्याला नवा कोंब फुटतो. एवढं कळेपर्यंत आईचे दोन हंगाम मातीत गेले. चुलता बांधावर उभा राहून विचारायचा, वहिनी, दमलात का? त्याच्या तोंडावर ढेकूळ मारावंसं मला वाटायचं.

मग आईने पीकच घेतलं नाही. स्वतः दुसऱ्यांच्या रानात रोजाने गेली. वैशाखात खोल नांगरट केली, ढेकळं उन्हात भाजू दिली आणि आम्ही मायलेकी हाताने काशा वेचायला बसलो. एक काशी माझ्याकडून तुटली, निम्मी आत राहिली. आईने खाडकन मुस्काटात मारली आणि ती निम्मी मलाच उकरून काढायला लावली. वेचलेलं सगळं तिने पेटवून दिलं.

हराळीला भाऊबंदकी कळत नाही. बांधाच्या वरच्या अंगाला, चुलत्याच्या रानातही ती पसरली होती. वेचत बसायला त्याला कमीपणा वाटला. पाऊस होऊन वाफसा आल्यावर त्याने रोटाव्हेटर बोलावला. यंत्र काशांचे तुकडे करत ते ओल्या मातीत कालवू लागलं. मी ओरडून थांबवणार, तोच आईने माझं मनगट धरलं.

"फिरू दी," ती म्हणाली. "चांगलं बारीक हू दी."

त्यानंतर त्याच्या रानात हराळीशिवाय काही आलं नाही. शेवटी एका सकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. तुमचं रान तुम्ही साफ केलंत, माझंही वाट्याने करा, असं खाली मान घालून म्हणाला. आईने त्याला चहा दिला, तो संपेपर्यंत थांबली.

"माझं हाय तेवढं बास, भावजी. तुमचं पडू द्या पड."

तो कप ठेवून उठला. त्या दिवशी आई पोटभर जेवली, आणि मीही.