अर्ज स्टुलाचा होता

"साडी वर घ्या. गुडघ्यापर्यंत. डॉक्टर व्हायचंय ना? मग लाज कसली?"

सर हे सगळ्या वर्गासमोर म्हणाले. परळच्या हॉस्पिटलातला बायकांचा वॉर्ड, सकाळची वेळ. मी तपासणीच्या टेबलावर आडवी होते. लोखंडी पट्ट्यांचा बूट काढून खाली ठेवलेला. मी साडी वर घेतली. स्वतःच्या हातानं. ते अजून विसरता येत नाही.

मी फक्त एक स्टूल मागितलं होतं.

डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. पहिली दोन वर्षं निभावली, कारण मुडद्यांवरचं काम बसून करता यायचं. तिसऱ्या वर्षी राउंड सुरू झाले. तीन तास उभं. सर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाणार, आम्ही भोवती कोंडाळं करणार. सरांसमोर कुणी बसत नसे. दुसऱ्या तासाला पट्ट्याखालची कातडी सोलून निघायची.

वडील गिरणीत होते, पण आमच्या घोडपदेवच्या अख्ख्या चाळीचे अर्ज तेच लिहायचे. म्हणाले, "तोंडी मागू नकोस. तोंडी मागितलं की भीक होते. कागदावर माग." मी कागदावर मागितलं.

सरांनी तो कागद मोठ्यानं वाचला. "सीट सरकारनं दिली, स्कॉलरशिप सरकारनं दिली. आता स्टूलही?" पोरं हसली. "बघू तरी, गरज आहे का," म्हणून त्यांनी मला टेबलावर चढवलं.

"कोण सांगतं काय दिसतंय?"

पहिला हात नलूचा वर गेला. नलू फणसवाडीतल्या जुन्या, खात्यापित्या घरातली. माझी मैत्रीण. पायाचे स्नायू ती माझ्या पायावर शिकली होती. मीच म्हणायचे, "धर, दाब, इथे हाड सरळ हाताला लागतं." आईलाही मी तो पाय तसा धरू दिला नव्हता.

नलूनं सगळं सांगितलं. पोटरी किती बारीक आहे, चालताना कंबर कशी झुकते. बूट काढला की ती भिंत धरून चालते, हेसुद्धा. ते मी फक्त तिला सांगितलं होतं.

"व्हेरी गुड," सर म्हणाले. तिला टेप दिली. तिनं माझा डावा पाय कंबरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत मोजला, आकडा सांगितला आणि टेप गुंडाळायला लागली.

"उजवाही मोज," मी म्हणाले. "दोन्ही मोजल्याशिवाय फरक कळत नाही."

कुणी हसलं नाही. एवढे सगळे वाकून बघत होते, पण दुसरा पाय कुणी बघितलाच नव्हता. ज्याच्यावर मी रोज तीन तास उभी राहायचे, तो.

मी उठून बसले. साडी खाली केली. बूट चढवला, पट्टे आवळले. वेळ लागतो. लागू दिला.

"सर, अर्ज स्टुलाचा होता. मी पेशंट म्हणून आलेले नाही."

"ज्याला उभं राहता येत नाही, त्यानं राउंडला येऊ नये."

संध्याकाळी नलू फाटकाशी थांबली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघालेली, पदराला बिल्ला.

"चल ना गं. रागावलीस? अगं, सरांनी विचारलं, मला येत होतं. मी काय करू?"

त्या सभांना सरही जायचे. मीही गेले होते लालबागेत, त्याच पायानं, मुंबई आपली म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायला.

"तू जा," मी म्हणाले.

बसथांब्यावर रडले. सरांपायी नाही. नलूपायी.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेले. पहिल्या खाटेवर काळाचौकीची एक मालवणी म्हातारी होती. नातेवाइकांचं स्टूल खाटेखाली असायचं. मी ते ओढलं आणि बसले.

म्हातारी घाबरली. "उठ गो बाय, डॉक्टर इले!"

उठले नाही. सरांनी एकदा पाहिलं आणि हजेरी घेणाऱ्या ज्युनियरला म्हणाले, "यांची गैरहजेरी लावा." नलू माझ्या मागेच उभी होती, वहीत डोकं घालून.

हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नसत. मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशीही बसले. चौथ्याही. गैरहजर लिहायचं, तर लिहा. पण समोर बसलेल्या बाईकडे बघून लिहावं लागेल. रोज.